दुकानाला दुकान

चांगदेव ओव्हाळानं बहरीनमधली लाँड्री घेतली, तेव्हा बहरीन हे गाव आहे, बेट आहे की कुणा माणसाचं नाव आहे, हेसुद्धा त्याच्या बायकोला ठाऊक नव्हतं. अनसाबाई त्या वेळी दौंडच्या दुकानात उभी राहून कोळशाच्या इस्त्रीतली राख झटकत होती. चांगदेव शिरूरहून दुपारच्या यष्टीनं आला आणि वहाणाही न काढता आत शिरला.

"झालं," तो म्हणाला. "दिलं आपलं दुकान."

"कुणाला दिलं?"

"मारुतदादाला. आन् त्याचं आपल्याला. दुकानाला दुकान."

"त्यांचं शिरूरला दुकान हाय?"

"शिरूरला कुठनं आलं? बहरीनचं."

अनसाबाईनं इस्त्री विटेवर ठेवली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. प्यालेला नव्हता. ऊन लागल्यासारखाही दिसत नव्हता. उलट गेल्या दोन वर्षांत दिसला नव्हता इतका तरतरीत दिसत होता.

मारुतराव साळवे हा चांगदेवाचा आतेभाऊ, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा. गाव न्हावरं. पंचावन्न साली मुंबईच्या गोदीत हमाली करता करता तो एका बोटीवर कपडे धुवायच्या कामाला चढला आणि बहरीनला उतरला. तिथंच त्यानं लाँड्री थाटली. मधे दोनतीनदा येऊन गेला, बायको वारली तेव्हा मात्र त्याला वेळेवर पोचता आलं नाही. आता पंचाहत्तर साल लागलं होतं, त्याची साठी जवळ आली होती, आणि तो शिरूरला बहिणीकडं येऊन राहिला होता. परत जायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. पण चालू दुकान सोडून यायचं जिवावर आलं होतं आणि इकडं येऊन हात बांधून बसायचंही.

इकडं चांगदेवाच्या धंद्याला टेरिकॉटनं खाल्लं होतं. लोक रात्री सदरा खळबळून दोरीवर टाकायचे आणि सकाळी तसाच अंगात घालायचे. ना खळ, ना नीळ, ना इस्त्री. राहिले होते रेल्वेचे गार्ड, तिकीट तपासनीस आणि एस.आर.पी.च्या कॅम्पातले शिपाई, ज्यांना कडक युनिफॉर्मशिवाय सुटका नव्हती. शिरूरला भावाला भेटायला गेलेल्या चांगदेवाला मारुतरावानं सांगितलं, की तिकडं झाडून सगळे पुरुष पांढरेशुभ्र पायघोळ झगे घालतात, रोज बदलतात, आणि झग्याला सुरकुती दिसली तर घराबाहेर पडत नाहीत. चांगदेवाला ते ऐकून बसवेना.

"विजेच्या चार इस्त्र्या हायेत," तो अनसाबाईला सांगू लागला. "कपडे धुवायचं मशीन हाय. आपण बटण दाबायचं."

"आन् मी?"

"तू काय?"

"मी पण जायची का तिकडं?"

एवढा विचार चांगदेवानं केलाच नव्हता. तो म्हणाला, "आधी मी जातो. जम बसला की बघू."

मग ज्या दुकानात ती सतरा वर्षं उभी राहिली, त्यात तिनं उद्यापासून यायचं की नाही, हे तिला विचारायचं होतं. पण कुणाला विचारायचं, ते कळेना. दुकान आता नवऱ्याचं नव्हतं म्हणे.

कागद करायला दोघं शिरूरला गेली. तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली दस्त लिहिणारे हौसराव बसायचे. पुढ्यात उतरतं मेज, कानाला पेन, आणि कुणी काही सांगायच्या आधीच अर्धा दस्त लिहून तयार. मारुतराव आधीच येऊन बाकावर बसला होता. उंच, वाळका, अंगात इस्त्रीचा मनिला शर्ट, डोळ्यांवर गॉगल. अनसाबाईनं पदर सारखा केला.

हौसराव वाचत गेले. "…दौंड येथील लाँड्रीचा धंदा चालू स्थितीत, सामान, गिऱ्हाईक व नावासह, आपखुशीनं व नशापाणी न करता…"

"थांबा आण्णा," अनसाबाई म्हणाली. "सामान म्हंजी काय काय?"

"इस्त्र्या, टेबल, बादल्या, कपाट. जे असंल ते."

"आन् मी?"

हौसरावांनी कानावरचं पेन काढलं आणि पुन्हा कानाला लावलं. "बाई, तुम्ही सामानात कशा याल?"

"मग गिऱ्हाइकात येते का?"

मारुतराव हसला. चांगदेवाला मात्र लाज वाटली. "अगं, कागदाची भाषा असती ती," तो पुटपुटला.

पण तिचं विचारणं खोटं नव्हतं. दुकानातल्या प्रत्येक कपड्याला ती बिब्ब्यानं खूण घालायची. कॉलरच्या आत, नेफ्याच्या कडेला, कुणाला दोन टिंबं, कुणाला फुली, कुणाला मोरपावलं. ती कुठं लिहिलेली नव्हती. चांगदेवालासुद्धा त्यातल्या अर्ध्याच माहीत होत्या. चालू धंदा द्यायचा तर ही पाच-सहाशे टिंबं कुठल्या कलमात बसवायची, तिला समजत नव्हतं.

मग मारुतरावानं आपला कागद काढला. जाड, पिवळट, त्यावर उजवीकडून डावीकडं गेलेली अक्षरं आणि खाली गोल शिक्का.

"ह्यात काय लिहिलंय, भावजी?"

"दुकान माझं हाय, असं."

"तुमी वाचलंय?"

"बोलता येतं मला. वाचता येत न्हाई." मारुतरावानं गॉगल काढून पुसला. "पर वीस वर्षं मी बसलोय की तिथं. मीच उघाडतो, मीच झाकतो. युसुफ जामीन हाय तेवढा. परदेशी माणसाला तिकडचा एक जामीन लागतो, सरकारचा नेम हाय. वर्षाला त्याची भेट त्याला पोचवायची. लई चांगला माणूस."

हौसरावांनी तो कागद उलटसुलट करून बघितला, गोल शिक्क्यावर बोट फिरवलं आणि आदरानं परत दिला. "सरकारी दिसतोय," ते म्हणाले.

सह्या झाल्या, पिवळा कागद चांगदेवाच्या हाती आला. चहा झाला. परतीच्या यष्टीत चांगदेव खिडकीशी बसून गुणगुणत होता. अनसाबाईला वाटत होतं, आपण काहीतरी विसरून आलो. छत्री होती, पिशवी होती, डब्याचं झाकणही होतं. चौफुल्याला यष्टी बदलताना तिनं पुन्हा सगळं मोजून बघितलं.

युसुफनं चांगदेवाच्या नावचं पत्र पाठवलं, पासपोर्ट झाला, आणि पावसाळ्यानंतर चांगदेव मुंबईहून बोटीनं गेला. स्टेशनावर अनसाबाई त्याला पोचवायला गेली. गाडी हलताना तो ओरडून म्हणाला, "मारुतदादाला खुणा सांग!" ती मान हलवत राहिली.

मारुतरावानं दुसऱ्याच दिवशी दुकान उघडलं. तो दुकानातच पाठीमागं राहायचा. अनसाबाई भीमनगरात आपल्या खोलीत. एकटी बाई आणि बाहेरदेशाहून आलेला विधुर एका दुकानात दिसले असते तर वस्तीला बोलायला विषय झाला असता, म्हणून आणि दुकान दिलेलं आहे म्हणूनही ती घरीच थांबली. थांबायची तिला सवय नव्हती. तिनं खोली सारवली, भिंतीला चुना दिला, कुरकुंभला दिलेल्या लेकीकडं दोन दिवस जाऊन आली, तरी दिवस संपेना.

आठव्या दिवशी दारात एक तिकीट तपासनीस उभा राहिला. हातात गाठोडं.

"बाई, हे घ्या. परवा ड्यूटी आहे."

"दुकानात द्या की साहेब."

"दुकानात कोण आहे ते? मी चांगदेव कुठाय म्हणून विचारलं, तर म्हणतो चांगदेव आता मी आहे. मला त्यानं कागदाचा नंबर दिला. मी काय रेशन घ्यायला आलोय?"

तो गाठोडं उंबऱ्यावर ठेवून निघूनही गेला. संध्याकाळपर्यंत तीन गाठोडी झाली, दुसऱ्या दिवशी सात. एस.आर.पी.चे दोन शिपाई आले, त्यांच्या अंगातल्या चड्ड्या एकमेकांच्या होत्या आणि दोघांनाही बसत नव्हत्या. मारुतराव बहरीनसारखा प्रत्येक कपड्याला नंबराचा कागद टाचायचा. कागद पाण्यात विरघळायचा. तिकडं नंबराचे कापडी बिल्ले येत, इकडं ते मिळत नव्हते.

अनसाबाई गाठोड्यांकडं बघत बसली. दस्तात लिहिलं होतं, 'गिऱ्हाईकासह'. म्हणजे हा तपासनीस मारुतरावाचा होता. आपण त्याचे कपडे धुतले तर ती चोरी. नाही धुतले, तर परवा ड्यूटीवर तो काय घालणार? तिनं शेवटी सगळी गाठोडी डोक्यावर घेतली आणि दुकानात नेऊन टाकली.

"भावजी, हे तुमचं गिऱ्हाईक माझ्या दारात आलं होतं."

मारुतराव सुती धोतरांच्या ढिगात बसला होता. चेहरा घामानं आणि निळीनं माखलेला. "अनसाबाई," तो म्हणाला, "ह्यातलं कोणतं कुणाचं, तेवढं सांगून जावा. पाया पडतो."

ती सांगायला बसली ती दिवस मावळेपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे पाय आपोआप दुकानाकडं वळले. आपण तिथं कोण म्हणून जातो, हे वाटेत तिला सुचलं नाही, आणि पोचल्यावर विचारायला वेळ मिळाला नाही.

मारुतराव माणूस वाईट नव्हता. गोंधळलेला होता. तो देश सोडून गेला तेव्हा वस्तीत देव्हारे होते, जत्रेला बोकड होता. दुसऱ्याच वर्षी बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि सगळी वस्ती बौद्ध झाली, ते त्याला पत्रातून कळलं होतं. मधे येऊन गेला त्या सुट्ट्या लग्नाकार्यात आणि मयतीत गेल्या. आता पौर्णिमेला विहारात वंदना सुरू झाली, की लहान लेकरंसुद्धा डोळे मिटून घडाघडा म्हणायची आणि साठीचा मारुतराव ओठ नुसते हलवायचा. एकदा अनसाबाईनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी इस्त्री करता करता ती मुद्दाम मोठ्यानं वंदना म्हणू लागली. चार-आठ दिवसांनी तो तिच्या मागून म्हणायला लागला.

चांगदेवाचं पहिलं पत्र आनंदाचं होतं. सप्रेम जयभीम. बोटीत उलट्या झाल्या. मशीन आहे, इस्त्र्या आहेत, दादानं सांगितलं ते सगळं खरं. समुद्र दुकानापासून जवळ आहे. दुकानाला लोक 'मारुती' म्हणतात, आणि मलाही मारुतीच म्हणतात. मी सांगून बघितलं की मी चांगदेव, पण कुणी ऐकत नाही.

अनसाबाईनं ते पत्र तीनदा वाचलं. विहारातल्या प्रौढ वर्गात ती अक्षरं शिकली होती, म्हणून कुणाकडं जावं लागलं नाही. तिला हसू आलं, मग जरा भीतीही वाटली.

दुसरं पत्र दोन महिन्यांनी आलं. त्यातलं अक्षर तिरपं झालं होतं. 'इथं मला एक कार्ड दिलं आहे. शेजारच्या हाटेलातल्या केरळच्या माणसाला अरबी वाचता येतं. त्यानं कार्ड वाचलं. त्यावर मी लाँड्रीतला नोकर, मालक युसुफ, असं आहे. मी त्याला दादाचा पिवळा कागद दाखवला. त्यानं दोनदा वाचला. म्हणाला, ह्यात असं लिहिलं आहे की युसुफच्या दुकानात मारुती नावाचा माणूस काम करील आणि युसुफला वर्षाला अमुक देईल. बाकी काही नाही. दादाला विचार, मी काय विकत घेतलं. मला कळत नाही. युसुफ वाईट नाही. रोज येऊन बसतो, कॉफी पितो, माझ्या पाठीवर थाप मारतो. पण तो मालकासारखी मारतो की दोस्तासारखी, ते कळत नाही.'

अनसाबाईनं मारुतरावाला समोर बसवलं आणि पत्र वाचून दाखवलं. तिला आधी वाटलं, आता हा खोटं बोलेल, आणि मग आपण भांडू. ती भांडायच्या तयारीनंच बसली होती.

मारुतरावानं इस्त्रीचं झाकण उघडलं, कोळशाकडं बघितलं, झाकण लावलं.

"काम करील?" तो म्हणाला. "असं लिहिलंय?"

"हे बघा की. 'काम करील.'"

"इस्त्र्या मी आणल्या. मशीन मी आणलं, बोटीवरच्या साहेबाकडनं. रंग मी दिला. युसुफचा बाप वारला तवा तीन दिस मी दुकान बंद ठेवलं. मालक बंद ठेवतो का नोकर?" त्याचा आवाज चढत गेला आणि मधेच बसला. "मग वीस वर्षं मी तिथं काय करत होतो, अनसाबाई?"

भांडणाची सगळी तयारी वाया गेली. ज्यानं फसवलं म्हणायचं, तो तिच्यापेक्षा जास्त फसलेला दिसत होता. आणि युसुफनं फसवलं म्हणावं, तर त्यानं कागदात होतं तेच धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप दिसलं. मारुतराव नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. अनसाबाईनं शेजारच्या सायकलवाल्याकडनं दुसरी किल्ली घेतली, कुणाचे कपडे अडू नयेत म्हणून दिवसभर काम उपसलं, आणि चौथ्या दिवशी सकाळची यष्टी धरून शिरूरला निघाली. हौसरावांना विचारावं, तो दस्त मोडता येईल का. नवऱ्याला परत बोलवावं. सगळं होतं तसं करावं. एवढंच तिच्या डोक्यात होतं.

लिंबाखाली हौसरावांच्या बाकावर मारुतराव बसलेला होता. तिला बघून तो सरकला. तिनं दस्त पिशवीतनं काढला. त्याच्याही मांडीवर तोच दस्त होता.

"भावजी, तुमीबी हेच विचारायला आला?"

"तीन दिस झाले विचारतोय."

हौसराव वैतागले होते. "मी ह्यांना सांगून दमलो," ते म्हणाले, "आता तुम्ही ऐका, बाई. शिरूरात लिहिलेला कागद बहरीनला कोण मानणार? तिकडच्या दुकानाचं त्यात जे लिहिलंय, ते ह्यांनी सांगितलं तसं लिहिलं. ते ह्यांचं नव्हतंच, तर ह्यांनी दिलंच नाही."

"बरं. मग इकडचं तरी त्यांचं झालं का?"

"जागा कुणाची?"

"शेटजींची. भाड्याची."

"लायसन कुणाच्या नावावर?"

अनसाबाई विचारात पडली. "लायसन काढलंच न्हाई कवा. मागायला कुणी आलं न्हाई."

"मग चांगदेवानंही काय दिलं? दोन इस्त्र्या आणि एक टेबल." हौसरावांनी हात झटकले. "मोडायचा म्हणता, पण मोडायला आधी काहीतरी झालेलं पाहिजे ना?"

"पर तुमीच लिहिला ना हा कागद?" अनसाबाई म्हणाली.

"मी लोक सांगतील ते लिहितो, बाई. लोकांना आपलं काय आहे ते ठाऊक असतं, असं धरून लिहितो."

त्यांनी तिघांसाठी चहा मागवला आणि पैसे घेतले नाहीत.

परतीच्या यष्टीत मारुतराव तिच्या पुढच्या बाकावर बसला. न्हावरं आलं, त्याचं गाव. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा तो उठला आणि दारापर्यंत गेला. दाराशी उभा राहून त्यानं खाली बघितलं. पारावर चार माणसं बसली होती, त्यातल्या एकानंही त्याला ओळखलं नाही, आणि त्यानंही कुणाला ओळखल्यासारखं दिसलं नाही. तो परत आला आणि बसला.

"उतरायचं नव्हतं का?" अनसाबाईनं विचारलं.

"काय की," तो म्हणाला. "तिकीट तर दौंडचं काढलंय."

"मग बसा. उद्या कॅम्पाचे कपडे न्यायला येत्याल."

एवढंच बोलणं झालं. पण दुसऱ्या दिवसापासून दोघं ठरल्यासारखी वागू लागली. खूण आणि गिऱ्हाईक अनसाबाईकडं, धुणं आणि खळ मारुतरावाकडं. बोटीवरच्या साहेबांची कॉलर तो ज्या हातानं कडक करायचा, तो हात दौंडात कुणालाच नव्हता. तिकीट तपासनीस एकदा म्हणाला, "बाई, हा माणूस कुठून आणला? कॉलर मान कापतेय." ती त्याची तारीफ होती. वस्तीत लोक थोडं बोलले. मग एका पौर्णिमेला मारुतरावानं खणखणीत आवाजात वंदना म्हटली आणि बोलणं ओसरलं.

उन्हाळ्यात नगरपालिकेचा माणूस खरंच आला. सगळ्या दुकानांची नोंद चालली होती.

"मालकाचं नाव?" कारकुनानं विचारलं.

मारुतरावानं अनसाबाईकडं बघितलं. अनसाबाई म्हणणार होती, चांगदेव. मग तिला दस्त आठवला. म्हणणार होती, मारुतराव. मग हौसराव आठवले. कारकून पेनाचं टोक कागदावर टेकवून थांबला होता आणि शाई पसरत होती.

"लिहा," ती म्हणाली, "अनसाबाई चांगदेव ओव्हाळ."

हे खरं की खोटं, तिला सांगता आलं नसतं. मारुतराव मान खाली घालून कफ दाबत राहिला. कारकून गेल्यावर म्हणाला, "बरं झालं. एकाचं तरी नाव कुठंतरी लागलं."

तिनं हे सगळं चांगदेवाला लिहिलं. चार रविवार लागले लिहायला. त्याचं उत्तर आलं, की युसुफ आणखी दोन वर्षांचं कार्ड करून देतो म्हणतोय. माझ्या हातची खळ लोकांना आवडते. राहू की येऊ? 'तू सांगशील तसं. मी इथं कोण आहे तेच कळत नाही, तर काय ठरवू.' तिनं एका ओळीचं पत्र टाकलं: 'पहिलं कार्ड संपलं की या. दुकानात जागा हाय.' ते लिहिताना तिला वाटलं, ये म्हणून असलं पत्र नवरा आपल्याला लिहील, असं आपण धरून चाललो होतो. आपण कधी लिहू असं वाटलं नव्हतं.

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात चांगदेव आला. सकाळच्या गाडीनं उतरला, हातात रेडिओ, अंगानं भरलेला, केस पांढरे. घरी कुलूप बघून सरळ दुकानावर आला. बाहेर फळकुटाच्या बाकावर बसला, आणि अनसाबाई समोरच्या गिऱ्हाइकाला मोकळं करेपर्यंत रांगेतल्यासारखा बसून राहिला. मारुतराव आतून ओले हात पुसत आला. दोघे भाऊ एकमेकांना बघून उभे राहिले. कुणी कुणाची माफी मागायची, हे दोघांनाही ठरवता आलं नसावं. शेवटी मारुतरावानं विचारलं, "मशीन चालतंय का?"

"चालतंय. पट्टा बदलला."

"कवा?"

"मागल्या उन्हाळ्यात."

तेवढ्यानं दोघंही मोकळे झाले.

चहा झाल्यावर चांगदेव म्हणाला, "दादा, एक विचारायचंय. निघायच्या दिवशी युसुफ बंदरावर आला होता. त्यानं माझे दोन्ही हात धरले, आन् बराच वेळ कायतरी बोलला. डोळ्यात पाणी होतं त्याच्या. केरळवाला तवा जवळ नव्हता. मला काय कळलं न्हाई, पर मी ते पाठ करून ठिवलं. बोटीत रोज म्हणत आलो. सांग बरं, काय म्हणाला?"

"म्हण."

चांगदेवानं डोळे मिटले आणि खोल घशातनं काही आवाज काढले. मारुतरावानं कान पुढं केला. "पुन्हा म्हण."

चांगदेवानं पुन्हा म्हटलं. ह्या खेपेला ते थोडं वेगळं झालं.

"'दुकान' शब्द हाय त्यात," मारुतराव म्हणाला. "अरबीतबी दुकान म्हंजी दुकानच. त्याच्या पुढं काय म्हणालास? 'तुझं' म्हणालास का 'बंद'?"

"मी कुठं म्हणालो? तो म्हणाला."

"अरं, तोच काय म्हणाला?"

चांगदेव तिसऱ्यांदा म्हणू लागला, मधेच अडकला, पहिल्यापासून सुरू केलं. मारुतराव स्वतः तेच शब्द वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणून बघू लागला. दोन गिऱ्हाइकं येऊन गाठोडी हातात धरून ऐकत उभी राहिली. अनसाबाईनं त्यांच्या हातातली गाठोडी घेतली, सोडली, आणि एकेका कॉलरची आतली बाजू उलटून बघू लागली. तिच्या मागं ते दोघं अजून भांडत होते.

"एकतर 'दुकान तुझं हाय' म्हणाला," मारुतराव म्हणत होता, "न्हाईतर 'दुकानाला आता कुणी न्हाई' म्हणाला. तू नीट ऐकलंच न्हाईस."

"मी नीटच ऐकलं," चांगदेव म्हणाला. "मला कळलं न्हाई एवढंच."